गौरीजेवणाच्या दिवशी गेलेला न्यूट्रल

आत्याकडे गौरी असतात. दरवर्षी मी जेवायला जातो आणि दरवर्षी तिला सांगतो की मला ताटाखाली पाट नको. त्या दिवशी सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते, पुरण निवत ठेवलं होतं, आत्या मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी फिरवत होती. अचानक मिक्सरचा आवाज चढला. भांडं हलवल्यावर चढतो तसा नाही, रिक्षा उतारावर सोडल्यासारखा.

"अरे, मी एकवरच ठेवलाय, हा आपोआप तीनवर कसा गेला?" ती म्हणाली.

मी वर बघितलं. पंखा गरगरत होता. गौरींसमोरच्या माळा डोळ्यांत खुपतील इतक्या पेटल्या होत्या. मी "आत्या, बटण बंद कर" एवढं म्हणेपर्यंत टीव्हीमागच्या स्पाइक गार्डमधून फट्ट आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मी धावत जाऊन दारामागच्या डीबीचा, म्हणजे घरातल्या स्विचच्या पेटीचा, मेन खाली पाडला.

पंचवीसेक वर्षं मी हेच काम करतो. पर्यवेक्षकाचा परवाना आहे, पॅनेल आणि केबलची कामं घेतो, सोसायट्यांच्या मीटर रूम बघतो. मिक्सरचा आवाज चढला तेव्हाच न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, गेल्याचं कळलं होतं. मिक्सरची मोटर व्होल्टेज वाढलं की सरळ जास्त वेगानं फिरते. तिच्याइतका प्रामाणिक व्होल्टमीटर स्वयंपाकघरात दुसरा नाही.

इमारत पद्मावतीच्या मागच्या बाजूला, आंबिल ओढ्यापासून तीन-चार गल्ल्या वर. 2004 चं बांधकाम, दोन विंग. आत्याच्या विंगमध्ये सहा मजले, 24 फ्लॅट, प्रत्येकाला सिंगल फेज, म्हणजे इमारतीत येणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एक. मीटर तीन ओळींत लावलेले, वरची ओळ लाल फेजवर, मधली पिवळ्यावर, खालची निळ्यावर. आत्याचा मीटर खालच्या ओळीत. जिन्यानं उतरताना दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ लिफ्टमधून बाहेर पडत मला म्हणाले, "सप्लाय नीट आहे हो, लिफ्ट चालू आहे." त्याच वेळी त्यांच्या शेजारच्या घरातून "फ्रिज जळला, फ्रिज जळला" असा आरडाओरडा चालला होता. लिफ्टचं कोडं पुढे सोडवतो.

मीटर रूमला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, दारासमोर दोन स्कूटर. आत मागच्या वर्षीच्या मखराचे तुकडे, रंगाचे डबे, एक फाटकी गादी. फरशी ओली. पॅनेलसमोर रबरी मॅट असायला हवी, ती होती, पण गुंडाळून गादीच्या मागे उभी केलेली. मी ती ओढून पसरली, पायात कोरड्या चपला असल्याची खात्री केली, बाजूला उभा राहिलो, तोंड फिरवलं आणि एका हातानं 200 अँपियरच्या स्विच फ्यूजचा दांडा खाली ओढला. इमारत गप्प झाली.

व्होल्टेज मी मोजलं नाही. अशा वेळी मीटर शोधत बसायचं नसतं, आधी बंद करायचं. पुढचे आकडे नंतर हिशेबानं काढलेत आणि समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. गच्चीवरच्या सोलर इनव्हर्टरच्या नोंदीशी ते साधारण जुळले.

न्यूट्रल गेल्यावर होतं काय

त्या दिवशी लाल फेजवरच्या घरांत गर्दी होती. गीझर, ओव्हन, एका घरी दोन इंडक्शन. समजा 46 अँपियर. पिवळ्यावर 23. निळ्यावर साडेअकरा, कारण खालच्या ओळीतली तीन घरं गणपतीला कोकणात गेलेली. फ्रिज आणि राउटर तेवढे चालू. हा असमतोल रोजचाच असतो. जोवर न्यूट्रल जागेवर आहे तोवर त्याचं कुणाला काही देणंघेणं नसतं, कारण तिन्ही फेजचा जो हिशेब जुळत नाही तो न्यूट्रल मुकाट्यानं परत घेऊन जातो. इथे ते सुमारे 30 अँपियर होतं.

आता तो न्यूट्रल मेन पॅनेलवर तुटला. आतल्या 24 घरांचे न्यूट्रल एकमेकांना जोडलेलेच आहेत, फक्त ट्रान्सफॉर्मरकडे जायची वाट बंद. मग घरं एकमेकांतून वाट काढतात. ज्या फेजवर भार जास्त तिथलं व्होल्टेज पडतं, जिथे भार कमी तिथलं चढतं. वरचे आकडे घातले तर लाल फेजवर 151 व्होल्ट, पिवळ्यावर 261, निळ्यावर 301. म्हणजे ज्यांनी सगळ्यात कमी वीज वापरली त्यांच्या घरी सगळ्यात जास्त जळलं. कोकणातल्या तिघांना फोन करून हे सांगायचं काम सेक्रेटरीकाकूंच्या वाट्याला आलं.

यातला वाईट भाग पुढे आहे. निळ्या फेजवरच्या माणसाला काहीतरी बिघडलंय असं कळलं की तो साहजिकच घरातली बटणं बंद करतो. त्यानं त्या फेजवरचा भार आणखी घटतो आणि उरलेल्यांचं व्होल्टेज आणखी चढतं. साडेअकराचे 4.6 अँपियर उरले असं धरलं तर 301 चे 329 होतात. मी आत्याचा मेन पाडला तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी दोन-चार व्होल्ट मीच वाढवले असणार. इलाज नव्हता.

टीव्ही, राउटर, सेट-टॉप बॉक्स, एलईडी दिवे यांच्या आत पहिल्यांदा एसीचा डीसी होतो आणि तो एका कपॅसिटरवर साठतो. 230 व्होल्टला तिथे सुमारे 325 व्होल्ट असतात. 301 ला 426 होतात. स्वस्त वस्तूंत 400 व्होल्टचा कपॅसिटर असतो, तो फुगतो आणि फुटतो. बऱ्या वस्तूंत 450 चा असतो, तो 301 ला टिकला तरी 329 ला टिकत नाही, कारण तिथे 465 होतात. स्पाइक गार्डमध्ये जी चकती असते ती बहुधा 275 व्होल्टची. विजेचा क्षणभराचा झटका ती गिळते, पण मिनिटानुमिनिटं 300 व्होल्ट सोसणं तिचं काम नाही. ती तापते, आणि पेटतेही. आत्याच्या घरी पेटली ती हीच, म्हणजे संरक्षणासाठी आणलेली वस्तू.

लाल फेजवरच्यांना वाटलं आपण वाचलो. 151 व्होल्टला फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, होत नाही, करंट ओढत कुंथत राहतो. त्यांच्यातले दोन कॉम्प्रेसर आठवड्याभरानं गेले आणि त्याचा संबंध कुणी या दिवसाशी जोडला नाही. मी विचारत हिंडलो म्हणून कळलं.

एमसीबी का पडला नाही

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, आणि रागाचा. "हजारो रुपयांचे एमसीबी लावलेत, मग ते कशासाठी?"

एमसीबी, म्हणजे घरातल्या पेटीतला आपोआप पडणारा स्विच, करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. 32 अँपियरचा एमसीबी 36 अँपियरपर्यंत न पडणं हे त्याच्या मानकातच बसतं. 230 चे 301 झाले की गीझरसारख्या साध्या तारेच्या भाराचा करंट तीसएक टक्के वाढतो, पाचाचे साडेसहा होतात. टीव्ही आणि राउटर तर व्होल्टेज वाढल्यावर करंट उलट कमी घेतात. एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल होतं. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघतो. घरात तो सारखाच होता, तुटलं होतं खाली. मीटर रूममधले फ्यूज तिन्ही फेजवर होते, न्यूट्रलवर फक्त पट्टी. ते बरोबरच आहे. न्यूट्रलवर फ्यूज घालायचा नाही, आणि फेजबरोबर एकदमच उघडणारा स्विच सोडून दुसरं काही त्याच्या वाटेत आणायचं नाही, हे 1956 च्या नियमांपासून चालत आलंय आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या नियमांतही आहे. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर हीच आपत्ती आपण स्वतःच्या हातानं ओढवून घेतली असं होईल.

आता लिफ्ट. तिची मोटर तीन फेजची, आणि तीन फेजमधलं आपापसातलं व्होल्टेज न्यूट्रल असो वा नसो सुमारे 400 च राहतं. लिफ्टच्या पॅनेलवर फेज फेल्युअर रिले, म्हणजे एखादी फेज गेली की लिफ्ट थांबवणारं यंत्र, होता. तोही फेज-फेजच मोजणारा, त्यामुळे त्याचा हिरवा दिवा सगळा वेळ शांतपणे लागलेला होता. इमारतीत जी एक गोष्ट व्होल्टेज बघत होती ती चुकीच्या दोन टोकांमध्ये बघत होती.

झाकण उघडल्यावर

वीज कंपनीच्या माणसानं रस्त्यावरच्या फीडर पिलरमधले, म्हणजे इमारतीला वीज देणाऱ्या पेटीतले, फ्यूज काढले आणि खिशात ठेवले. ही जुनी पद्धत मला आवडते. फ्यूज खिशात असेल तर दुसरा कुणी परस्पर सप्लाय देऊ शकत नाही. मी स्विचच्या दांड्याला कुलूप घातलं, वॉचमनला दारात बसवलं. टेस्टर आधी शेजारच्या विंगच्या जिवंत लाइनवर लावून बघितला, मग इथे तिन्ही फेजवर आणि न्यूट्रलवर, मग परत तिकडे. टेस्टर मेलेला असला की सगळ्याच तारा मेलेल्या दिसतात.

पॅनेलचं झाकण काढलं. केबल ॲल्युमिनियमची, साडेतीन कोअर 185 चौरस मिलिमीटर. साडेतीन कोअर म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल अर्धा, इथे 95 चा. हे तिन्ही फेज सारखे चालतील असं धरून चालणाऱ्या जमान्यातलं गणित आहे. आता घराघरांत एलईडी, टीव्ही, इनव्हर्टर एसी आहेत, आणि त्यांच्या करंटमध्ये एक असा भाग असतो जो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाही, उलट भर घालतो. अर्ध्या जाडीच्या तारेवर तेवढा भार येतो.

न्यूट्रलचा लग, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा, ज्याला आपले वायरमन थिंबल म्हणतात, तांब्याच्या बसबारवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीवर, थेट बसवलेला होता. लग निखळ ॲल्युमिनियमचा. मधे ना कथिलाचा मुलामा, ना दोन धातूंचा लग. लगचं भोक 12 मिलिमीटरच्या बोल्टसाठीचं आणि आत बोल्ट 10 चा, वॉशर एकाच बाजूला. लगच्या खाली पिठासारखी पांढरी भुकटी साचली होती. बोल्टचं डोकं निळंजांभळं पडलं होतं आणि केबलचं काळं आवरण तळहाताएवढ्या लांबीत वितळून भेगाळलं होतं. मी पाना लावायच्या आधी बोटानं बोल्ट धरून बघितला. तो फिरला.

ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि दाबाखाली हळूहळू पसरतं. रोज संध्याकाळी तापायचं, रात्री थंड व्हायचं, बोल्ट थोडा थोडा सैल. त्यात ओल आली की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो वीज जवळजवळ नेतच नाही. सांध्याचा रोध नुसता 0.05 ओहम झाला आणि 60 अँपियर वाहिले, तर लाडवाएवढ्या जागेत 180 वॅट उष्णता तयार होते. आणि जितकं तापतं तितका सांधा आणखी खराब होतो.

ओल कुठून आली? इथे मला थोडं थांबावं लागलं, कारण पॅनेल जमिनीपासून चांगलं छातीइतकं उंच होतं.

2019 ची दुरुस्ती

25 सप्टेंबर 2019 ची रात्र या भागात कुणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या पट्ट्यात पाणी घरांत शिरलं, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं आणि मीटर रूमचं पॅनेल तेव्हा जमिनीलगत होतं. त्यानंतर समितीनं पॅनेल उचलून वर बसवायचं ठरवलं. निर्णय शंभर टक्के योग्य. पाणी आणि मीटर रूम यांची गाठ पडली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. 25 जुलै 2024 च्या पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पुराच्या पाण्यात शॉक लागून तीन जण गेले.

पण पॅनेल वर गेलं तशी खालून येणारी केबल अपुरी पडली. ठेकेदारानं ती भिंतीवरून फिरवून छताजवळ नेली आणि वरून पॅनेलमध्ये उतरवली. त्यासाठी पॅनेलच्या डोक्यावर भोक पाडलं, ग्लँड (केबलभोवतीचं बंदिस्त बूच) बसवलं नाही, फोमचा तुकडा कोंबला. तीन फेज कसेबसे पोचले. न्यूट्रलचं टर्मिनल सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तिथे तार ताणून नेली. जुना लग कापला गेला, नवा हाताशी होता तो लावला, बोल्टही. मी त्या ठेकेदाराला ओळखत नाही आणि त्याला शिव्याही देत नाही. पुरानंतरच्या त्या आठवड्यात गल्लोगल्ली अंधार होता आणि लोक त्याच्या मागे लागले असणार.

भिंतीच्या वरच्या कडेला स्लॅबच्या सांध्यातून दर पावसाळ्यात पाणी झिरपतं. ते थेंब केबलवर उतरायचे, केबलला धरून खाली यायचे, फोममध्ये मुरायचे आणि पॅनेलच्या डोक्यातून आत. केबल खालून येत असती तर पाणी टर्मिनलपासून दूर गेलं असतं. वरून येणारी केबल म्हणजे पाण्याला बांधून दिलेली पन्हळ. खालचं पाणी चुकवायला गेलो आणि वरच्या पाण्याला दार उघडून दिलं.

इशारे मिळाले नव्हते असंही नाही. आत्या मला श्रावणात फोनवर म्हणाली होती की संध्याकाळी दिवा मधेच "उजळतो". मी म्हटलं, बल्ब बदल. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. फेजचा सांधा सैल असेल तर दिवे फक्त मंदावतात. काही घरांत मंदावतात आणि त्याच क्षणी दुसऱ्या घरांत उजळतात, तर सैल आहे तो न्यूट्रल, दुसरं काही नाही. सोलर इनव्हर्टरनं त्याआधी तीन आठवडे "ग्रिड व्होल्टेज जास्त" म्हणून स्वतःला सतरा वेळा बंद केलं होतं. सोलरवाल्यानं कळवलं की दोष ग्रिडचा आहे. समितीनं वाचलं की ग्रिडचा आहे, आपला नाही. मेन पॅनेलमधला बोल्ट कुठल्या बाजूला मोडतो हा विचार कुणी केला नाही.

"न्यूट्रल अर्थिंगला मारून देतो"

दुपारचा एक वाजला होता. वरती नैवेद्य खोळंबलेला, पाहुणे घामाघूम. सोसायटीचा नेहमीचा वायरमन आला, चांगला हात असलेला माणूस. त्यानं पॅनेल बघितलं आणि म्हणाला, "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. न्यूट्रल अर्थिंगच्या पट्टीला मारून देतो, संध्याकाळी लग आणून नीट करू. गौरी आहेत."

सेक्रेटरीकाकू माझ्याकडे बघायला लागल्या. काका, काकू, दोन तरुण मुलं, सगळेच.

हा जुगाड पुण्यात किती मीटर रूममध्ये आजही "तात्पुरता" बसलेला असेल याचा मी विचार करत नाही. तसं केलं असतं तर दिवे लागले असते, व्होल्टेज बरंच सावरल्यासारखं दिसलं असतं, सगळे खूश. फक्त न्यूट्रलचा करंट आता सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे गेला असता. खड्ड्याचा रोध मी नंतर मोजला, 4 ओहम. ट्रान्सफॉर्मरकडचा 1 धरा. तेवढ्यावर त्या दिवशीच्या भाराला अर्थिंगच्या पट्टीवर सुमारे 44 व्होल्ट चढले असते. ती पट्टी म्हणजे 24 घरांतल्या प्रत्येक फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं, गीझरचं अंग. कोरड्या जागी 50 व्होल्टपर्यंत चालतं असं धरतात. ओल्या बाथरूममध्ये उघड्या पायांनी उभ्या माणसाला ते लागू नाही. आरसीसीबीनंही वाचवलं नसतं, कारण हे व्होल्टेज त्याच्या मागून, अर्थच्या तारेनं घरात येतं, आणि ती तार तो तोडतच नाही.

आणि हे भाद्रपदातलं झालं. आपल्याकडे फूट-दोन फूट मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. पावसाळ्यात भिजलेला खड्डा छान आकडे देतो. तोच खड्डा मी मे महिन्यात परत मोजला तेव्हा 11 ओहम होता. तेव्हा हाच जुगाड 64 व्होल्टचा झाला असता. अर्थिंगचा दाखला पावसाळ्यातल्या मोजमापावर देणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

मी नाही म्हटलं. वायरमन नाराज झाला, दोन काका जास्त. आत्या खाली आली, परिस्थिती बघितली आणि म्हणाली, "गौरींना काही फ्रिज लागत नाही. समई आहे." प्रश्न मिटला.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं मिळतं, पण गणपतीत तिकडे जाणं म्हणजे दिवस गेला. नऱ्ह्यातल्या ओळखीच्या पॅनेलवाल्यानं सुट्टी असून शटर उघडलं. 95 चा दोन धातूंचा लग, 12 चे बोल्ट, दोन्ही बाजूंचे वॉशर, स्प्रिंग वॉशर, दाबयंत्र आणि टॉर्क पाना घेऊन मी साडेतीनला परतलो. जळकी तार चमकणारा धातू दिसेपर्यंत मागे कापली, ब्रशनं घासली, सांध्याची पेस्ट लावली, लग दाबला. तार आता आणखी आखूड झाली, म्हणून न्यूट्रलच्या टर्मिनलपासून तिच्यापर्यंत तांब्याची एक जादा पट्टी काढली. तार ताणायची नाही म्हणजे नाही. बोल्ट पॅनेलवाल्याच्या तक्त्याप्रमाणे आवळला आणि डोक्यावरून बसबारवर लाल रंगाची एक रेघ मारली. पुढे बोल्ट हलला तर रेघ मोडलेली दिसते. मेगरनं तारांचं इन्सुलेशन तपासलं, आकडे चांगले आले. साडेपाचला सप्लाय दिला, आधी एकेका फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज बघून, मग एकेक मीटर.

जेवलो सहा वाजता. पुरणपोळी गार झालेली असली तरी हरकत नसते.

पुढचे महिने

खरं काम त्यानंतरचं. समितीपुढे तीन कोटेशनं आली. त्यातल्या दोघांनी ठळक अक्षरांत सर्ज प्रोटेक्टर लिहिला होता आणि काकूंना तो फार पटला होता, कारण नावातच संरक्षण आहे. सर्ज प्रोटेक्टर लावावाच, पण तो आकाशातल्या विजेच्या, मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी. अर्धा तास चढलेल्या व्होल्टेजला त्याचा उपयोग नाही. आत्याच्या स्पाइक गार्डचं पोस्टमॉर्टेम मी टेबलावर ठेवलं तेव्हा हा मुद्दा मिटला.

जे ठरलं ते असं. केबल नवी, चार कोअर पूर्ण न्यूट्रलची, आणि पॅनेल आहे त्याच उंचीवर ठेवून खालून, ग्लँड लावून. पॅनेलच्या आधी केबलला एक लोंबता वळसा, म्हणजे अंगावरून येणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल. स्विच फ्यूजच्या जागी चार पोलचा एमसीसीबी, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा मोठा स्विच, आणि बाहेरून इशारा आला की तो पाडणारी शंट ट्रिप. त्याला जोडलेला व्होल्टेज रिले, जो प्रत्येक फेज न्यूट्रलशी मोजतो, फेज-फेज नाही. 270 च्या वर गेलं की तोडायचं. एकदा तोडल्यावर आपोआप परत जोडायचं नाही, माणसानं येऊन बघायचं.

रिले बसवल्यावर मी तो तपासायचा आग्रह धरला आणि बरं झालं. चाचणीसाठी माझ्याकडे तीन होल्डरांचा लाकडी बोर्ड आहे, तिन्ही होल्डरांचा न्यूट्रल एकत्र. 200, 60 आणि 15 वॅटचे जुने पिवळे दिवे मी त्यासाठी जपून ठेवलेत. इमारतीचा सगळा भार बंद करून बोर्ड पॅनेलच्या बसबारवर लावला. मग सप्लाय बंद करून, तपासून, येणाऱ्या केबलचा न्यूट्रल सोडवला, लगवर टोपी घातली आणि परत सप्लाय दिला. 15 चा दिवा पांढराफटक पेटला, 200 चा नुसता लाल झाला. रिले ढिम्म. बसवणाऱ्या मुलानं रिलेची न्यूट्रलची तार सोयीसाठी केबलच्या लगवरच बांधली होती. सांध्याच्या अलीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला. तिथून बघितलं तर न्यूट्रल कायम शाबूतच दिसणार. तार बसबारच्या दुसऱ्या टोकाला, मीटरकडे जाणाऱ्या बाजूला नेली आणि परत तेच केलं. या वेळी एमसीसीबी खाडकन पडला. तो मुलगा म्हणाला, "सर, याआधी दहा ठिकाणी मी तसंच जोडलंय." त्याला म्हटलं, मग दहा ठिकाणी जाऊन ये.

फेजवरचे मीटरही थोडे हलवून घेतले, वीज कंपनीकडे अर्ज करून. मीटर रूममधली अडगळ निघाली. दारावर आता पाटी आहे: "ही मीटर रूम आहे, माळा नाही. ज्यांना फरक कळत नाही त्यांनी सेक्रेटरींना भेटावे." मॅट जमिनीवर आहे, शेवटचं बघितलं तेव्हा तरी होती. सुट्टीच्या दिवशी नाही तर भर संध्याकाळी, सगळं चालू असताना, वर्षातून दोनदा थर्मल कॅमेऱ्यानं सांधे बघायचे ठरलेत. रिकाम्या इमारतीत सगळेच सांधे थंड असतात.

एक भांडण अजून चालू आहे. रिलेला कमी व्होल्टेजची मर्यादाही आहे, ती आम्ही 170 ला ठेवली होती, तीन सेकंदांच्या विलंबानं. उन्हाळ्यात रात्री सगळे एसी चालू असताना ती दोनदा लागली आणि पहाटे दोन वाजता 24 घरं अंधारात गेली. विलंब दहा सेकंदांवर नेला, त्यानंतर नाही लागली. पण चौथ्या मजल्यावरचे काका दर बैठकीत म्हणतात की ते यंत्रच काढून टाका, 2004 पासून नव्हतं तेव्हा काय अडलं होतं.

दुसऱ्या विंगचं पॅनेलही 2019 मध्ये त्याच ठेकेदारानं, त्याच आठवड्यात वर उचललं. तिथेही केबल छताकडून उतरते, तिथेही न्यूट्रल अर्धा. मी एकदा सप्लाय बंद करून घेऊन बोल्ट आवळला, लाल रेघ मारली आणि वरचं भोक बुजवलं. लग तोच आहे. नव्या कामाचं कोटेशन सेक्रेटरीकाकूंच्या फाइलला लावलंय, सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात, रंगकामाच्या नंतर.